पोरगं जिथे जन्मलं तिथलंच

ट्रम्पने शपथ घेतली त्याच दिवशी, २० जानेवारी २०२५ ला, एक ऑर्डर काढली की अमेरिकेत नुसतं जन्मलं म्हणून पोराला सिटिझनशिप मिळणार नाही. आई तिथे बेकायदा असेल किंवा व्हिसावर तात्पुरती असेल, आणि बापही सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला नसेल, तर ते पोर अमेरिकेचं नाही. आता याने आमच्या शहाद्यात कुणाचं काय बिघडणार असं वाटेल, पण त्या आठवड्यात कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता धुरळा उडाला होता. कारण दोन घरं सोडून तिसऱ्या घरातलं कुणीतरी तिकडे आहेच. केळी-पपईच्या पैशावर पोराला धुळ्याला नाहीतर जळगावला इंजिनिअरिंगला टाकायचं, मग पुणे, मग कंपनी एच-वन-बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर पाठवते, लग्न होतं, सून एच-फोर वर, म्हणजे बायको-पोरांच्या व्हिसावर जाते, आणि मग इकडे आजी मेथीचे लाडू बांधायला घेते. त्या लाडवांवरच पाणी फिरायची वेळ आली होती.

आमचे नाना (सख्खे नाहीत, अख्खी कॉलनीच त्यांना नाना म्हणते) तर लालबुंद. त्यांची धाकटी नात टेक्सासची. "आमनी नात तठे जल्मनी म्हणजे ती तठलीच, त्यासना घटनामा लिखेल शे!" असं ते चावडीवर सगळ्यांना सांगत होते. आणि खरंच लिहिलेलं आहे, नाना काही चुकीचं बोलत नव्हते.

गंमत पुढे झाली. थोड्याच दिवसांनी त्याच ग्रुपवर मालेगावच्या उशिरा दिलेल्या जन्मदाखल्यांचा विषय आला, परदेशातून आलेल्यांनी ते घेतले असा आरोप होता, सरकारने त्याच्या चौकशीसाठी पथक बसवलं होतं, पेपरला रोज बातम्या. तर तेच नाना म्हणतात, "आठे जल्मना म्हणून काय व्हयनं, मायबाप कथला शेतस ते देखा पहिले." मी म्हटलं नाना, ट्रम्प तरी दुसरं काय म्हणतोय? तर म्हणे तुले काही समजत नही, त्या गोष्टी येगळ्या शेतस.

मला त्या वेगळ्या वाटत नाहीत. आणि मी दिवसभर कागदांतच बसलेला असतो, माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे, त्यामुळे या विषयावर दोन गोष्टी लिहाव्यात म्हणतो. माझं म्हणणं सरळ आहे, जन्म झाला तिथलं नागरिकत्व पोराला मिळालं पाहिजे. आणि हे मी दयामाया म्हणून म्हणत नाहीये, कागदाच्या बाजूने म्हणतोय. कसं ते सांगतो.

आधी अमेरिकेचं. त्यांच्या घटनेत चौदावी दुरुस्ती १८६८ ला झाली. त्याच्या आधी १८५७ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ड्रेड स्कॉट नावाच्या माणसाच्या केसमध्ये सांगून टाकलं होतं की काळ्या माणसाला, तो गुलाम असो नाहीतर सुटलेला, नागरिक होताच येत नाही. म्हणजे पिढ्यान् पिढ्या तिथे जन्मलेली, तिथल्या शेतात राबलेली माणसं, पण देश त्यांचा नाही. मग यादवी युद्ध झालं, गुलामी गेली आणि त्या दुरुस्तीत पहिल्याच वाक्यात लिहिलं की जो इथे जन्मला आणि इथल्या कायद्याच्या ताब्यात आहे तो नागरिक. कोण कुणाचा पोरगा हा प्रश्नच काढून टाकला. का काढला ते लक्षात घ्या, कारण तो प्रश्न ठेवला असता तर गुलामाच्या नातवाने आजोबाचा कुठला कागद आणायचा होता?

मग ही गोष्ट सगळ्यांना लागू आहे का, हे ठरलं वाँग किम आर्कच्या केसमध्ये. हा सॅन फ्रान्सिस्कोत १८७३ ला जन्मलेला, आईबाप चिनी, धंदा स्वयंपाक्याचा. तेव्हा चिन्यांना अमेरिकेत बंदी घालणारा कायदा होता, १८८२ चा. हा गडी चीनला जाऊन परत आला १८९५ मध्ये, तर बंदरावरच अडवला, म्हणे तू इथला नाहीस, आणि कित्येक महिने जहाजांवर कैद करून ठेवला. तो कोर्टात गेला आणि १८९८ ला जिंकला. कोर्ट म्हणालं आईबापाला आम्ही नागरिक करत नाही ही गोष्ट वेगळी, पण पोरगा इथे जन्मला, तो आमचा. नानांची नात आज जी अमेरिकन आहे ना, ती या चिनी स्वयंपाक्याच्या जिवावर आहे, हे नानांना सांगितलं तर ते म्हणे चिनी कुठून आला मध्येच.

अर्थात तिथेही सगळं स्वच्छ नव्हतं. जे मूळचे तिथले, आदिवासी, त्यांनाच जन्माने नागरिकत्व नव्हतं, कोर्टाने १८८४ ला तसं सांगितलं आणि मग १९२४ चा कायदा यावा लागला. जमीन त्यांची, जन्म त्या जमिनीवर, आणि नागरिक सगळ्यात शेवटी. सातपुड्याच्या पायथ्याला राहणाऱ्या माणसाला हे वाचून फार नवल वाटत नाही.

आता ट्रम्पच्या ऑर्डरला खालच्या कोर्टांनी लगेच रोखलं, मग जून २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं एका जज्जाने अख्ख्या देशासाठी स्टे द्यायचा नाही, मग वकिलांनी सगळ्या बाळांच्या वतीने मिळून केस टाकली, पुन्हा स्टे, आणि २०२५ च्या अखेरीस प्रकरण पुन्हा सुप्रीम कोर्टाच्या दारात गेलं. कोर्टकचेऱ्या सगळीकडे सारख्याच. मला त्यातलं जे दिसलं ते नानांच्या घरातलं सांगतो. त्यांची मोठी नात इथलीच, धुळ्याच्या दवाखान्यात जन्मलेली, बोबडं बोलायची तेव्हा तिकडे गेली. धाकटी टेक्सासची. दोघी एकाच घरात, एकाच शाळेत, एकीसारखी दुसरी. पण मोठी एच-फोरवर आहे, बापाच्या नोकरीला टांगलेली, आणि २१ वर्षांची झाली की त्या व्हिसावरून आपोआप बाहेर. बापाचं ग्रीन कार्ड तोपर्यंत येईल का? एका देशाला सात टक्क्यांच्या वर द्यायचं नाही असा त्यांचा नियम, त्यामुळे भारतवाल्यांची रांग इतकी लांब आहे की माणूस रिटायर होईल. धाकटीला यातलं काहीच नाही, तिच्याकडे निळं पुस्तक आहे. सुट्टीला येतात तेव्हा पासपोर्ट ठेवायला नानी दोन वेगळ्या पिशव्या करते, मोठीच्या पिशवीत फाईलच असते, धाकटीच्या पिशवीत नुसतं ते पुस्तक आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना आपलं सरकार देतं ते).

बरं, एक गोष्ट खरी सांगायला पाहिजे. ट्रम्पची ऑर्डर पुढे जन्मणाऱ्या पोरांसाठीच होती, नानांच्या नातीला तिचा धक्का नव्हताच, आणि तिच्यासारखं पोर त्या ऑर्डरनंतर जन्मलं असतं तरी ते बिनदेशाचं झालं नसतं. आईबाप भारतीय, तर आपल्या कायद्याने परदेशात जन्मलेलं पोर एक वर्षाच्या आत तिकडच्या आपल्या कॉन्सुलेटमध्ये नोंदवलं की ते भारतीय, फक्त दुसऱ्या देशाचा पासपोर्ट त्याच्याकडे नसावा. म्हणजे आपल्या पोरांना मागे एक भिंत आहे टेकायला. सगळ्यांना नसते.

आता आपल्याकडे या. लोकांना वाटतं भारतात जन्मलं की भारतीय. मलाही बरीच वर्षं तेच माहीत होतं आणि केंद्रावर येणारे नव्वद टक्के लोक आजही तेच धरून चालतात. असं होतं, पण आता नाहीये. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात होतं की २६ जानेवारी १९५० पासून इथे जो जन्मला तो नागरिक, आईबाप कुणीही असोत. मग बाहेरून आलेल्या लोकांविरुद्ध आसामचं आंदोलन झालं, १९८५ ला करार झाला आणि त्या पाठोपाठ कायदा बदलला. १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्यांना आईबापापैकी एक तरी भारतीय पाहिजे. मग २००३ ला पुन्हा दुरुस्ती, ३ डिसेंबर २००४ पासून लागू, त्यात दोघंही भारतीय पाहिजेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नको. पहिला बदल राजीव गांधींच्या काळात, दुसरा वाजपेयींच्या काळात पास झाला आणि लागू झाला तेव्हा मनमोहन सिंगांचं सरकार होतं. म्हणजे यात कुणीच कुणाकडे बोट दाखवू नये.

माझ्याच घरात बघा. मी ८५ चा, धाकटा भाऊ ८९ चा. मी या देशाचा आहे कारण मी शहाद्यात जन्मलो, बस. माझा बाप कोण, आई कुठली, कायद्याला देणंघेणं नाही. भाऊ त्याच दवाखान्यात, त्याच डॉक्टरीणबाईंच्या हातचा, पण तो नागरिक आहे कारण आमचे आबा किंवा आई नागरिक आहेत म्हणून. त्याला सिद्ध करायचं म्हटलं तर आधी आबांना सिद्ध करावं लागेल. आणि त्याची पोरगी २०१५ ची, तिला आई आणि बाप दोघांचं. चहाच्या टपरीवर हे सांगितलं तर भाऊ म्हणतो, तू जमिनीचा अन् मी उसना?

हे नुसतं कायद्याच्या पुस्तकातलं आहे असं समजू नका. २०२५ ला बिहारमध्ये मतदार याद्यांची जी खास तपासणी केली त्यात नेमक्या याच तारखा होत्या. ८७ च्या आधीचे असाल तर तुमचा स्वतःचा कागद, मधले असाल तर तुमचा आणि आईबापापैकी एकाचा, २००४ च्या डिसेंबरनंतरचे असाल तर तुमचा आणि दोघांचा. आणि आधार? सुप्रीम कोर्टाने सांगितलं म्हणून तो बारावा कागद म्हणून घेतला, पण ओळखीसाठी, नागरिकत्वासाठी नाही. आधारच्या कायद्यातच लिहिलंय की हा नागरिकत्वाचा पुरावा नाही.

आता हे आधार देशात सगळ्यात पहिल्यांदा कुठे वाटलं माहितीय का? आमच्याच तालुक्यात, टेंभली गावात. २९ सप्टेंबर २०१० ला पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी स्वतः आले होते, रस्ते रातोरात डांबरी झाले होते, हेलिकॉप्टर बघायला आजूबाजूची सगळी गावं लोटली होती. देशातल्या पहिल्या नंबरवाल्या बाया-माणसं आमच्या शेजारच्या गावातली. आणि तेच लोक मला केंद्रावर विचारतात की दादा, आधार आहे ना, मग अजून काय पाहिजे. काय सांगायचं त्यांना.

खरी अडचण मला रोज दिसते ती ही. आपल्याकडचे धडगाव, अक्कलकुवा, तळोदा भागातले पावरा, भिल लोक दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, बारडोली, सुरतकडे. टोळीत गरोदर बायाही असतात, त्याला इलाज नसतो, मुकादमाची उचल घेतलेली असते. बाळंतपण तिकडेच, कधी सरकारी दवाखान्यात, कधी उसाच्या फडात कोपीतच, म्हणजे पाचटाच्या झोपडीत. जन्माची नोंद कायद्याने जिथे जन्म झाला तिथे करायची. २१ दिवसांत केली तर फुकट. नंतर लेट फी, नंतर स्वतः सही केलेला कागद आणि साहेबाची परवानगी, आणि वर्ष उलटलं की मग मॅजिस्ट्रेटची ऑर्डर लागते, २०२३ च्या दुरुस्तीनंतर ती कलेक्टर-प्रांताच्या पातळीवर आली. टोळी वैशाखात गावी परत येते, बाळ चार महिन्यांचं, कुणाच्या डोक्यात दाखल्याचा विचारच नसतो. पोरगं सहा वर्षांचं झालं, शाळेत टाकायला आलं, की मग माझ्याकडे. मी विचारतो कुठे जन्मलं, तर बाई म्हणते फॅक्टरीजवळ. कुठल्या फॅक्टरीजवळ? ते तिला आठवतं, उसाची गाडी कुठे जायची तेही आठवतं, पण गावाचं नाव नाही, कारण फडाला नाव नसतं, शेतमालकाचं नाव असतं. तारीख विचारली तर होळीच्या आधी.

एकदा एक जोडपं नशीबवान निघालं, त्यांच्याकडे दाखला होता. पण गुजरातीत, आणि त्यात बापाचं आडनाव वेगळंच, कारण लिहिणाऱ्याने टोळीच्या मुकादमाचंच आडनाव लावून टाकलेलं. ते दुरुस्त करायला पुन्हा तिकडे जायचं, दोन दिवसांची मजुरी बुडवून, एसटीचं भाडं घालून, आणि तिकडे गेलं की साहेब रजेवर. हे झालं एका दाखल्याचं. आता विचार करा, नियम जर रक्ताचा असेल, म्हणजे जन्माची जागा न बघता आईबाप बघायचे असतील, तर हाच कारभार आईचा, बापाचा, आणि वेळ आली तर त्यांच्या आईबापाचाही करायचा. माझ्या मते सगळा मुद्दा इथे आहे. जमिनीचा नियम असला की एक कागद लागतो. रक्ताचा नियम असला की अख्खी वंशावळ लागते.

आणि वंशावळीचा कागद काय चीज असते हे जातीच्या दाखल्यावरून आम्हाला चांगलं माहीत आहे. आदिवासी असेल तर ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा, ओबीसी असेल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. मग आजोबाचा शाळेचा दाखला शोधा, आजोबा शाळेत गेलेच नाहीत, मग गाव नमुना नंबर १४, म्हणजे कोतवाल बुक, त्याची पानं वाळवीने खाल्लेली, जी शिल्लक आहेत ती मोडीत, मोडी वाचणारा माणूस शोधा, त्यात नोंद सापडली तर नुसतं 'मुलगी' नाहीतर 'मुलगा', नावच नाही. जात पडताळणीला पोरांची ॲडमिशन जाते ती अशी. हे सगळं मूळ इथल्याच लोकांचं चाललंय, ज्यांच्या पंजा-खापरपंजाने सातपुडा सोडला नाही त्यांचं. परदेशातून घुसलेला माणूस पकडायला लावलेली चाळणी, आणि तिच्यात अडकतं कोण, तर कोपीत जन्मलेलं बाळ.

आसाममध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालंच. ३१ ऑगस्ट २०१९ ला एनआरसीची, म्हणजे नागरिकांच्या नोंदवहीची शेवटची यादी लागली तेव्हा १९ लाखांच्या वर लोक बाहेर राहिले, त्यात हिंदू, मुसलमान, आदिवासी सगळेच होते. आणि जगात त्याहून वाईट उदाहरण म्हणजे डॉमिनिकन रिपब्लिक, तिथल्या कोर्टाने २०१३ ला निकाल दिला तो मागे १९२९ पर्यंत लावला. म्हणजे तिथेच जन्मलेली, म्हातारी झालेली हैतीयन वंशाची माणसं एका निकालाने देशाबाहेरची. हा नियम मागे जायला लागला की कुठे थांबेल याचा भरवसा नाही.

आता दुसऱ्या बाजूचं. नानांचा मुद्दा अगदीच फेकून देण्यासारखा नाही. कुणी विमानात बसून नुसतं बाळंतपणाला दुसऱ्या देशात जाईल, पासपोर्ट घेऊन परत येईल, हे बरोबर नाही, पटण्यासारखं आहे. पण त्यासाठी व्हिसा द्यायच्या खिडकीवर अडवा ना, अमेरिकेने २०२० मध्ये तसा नियम केलाच की बाळंतपणासाठी टुरिस्ट व्हिसा द्यायचा नाही. आणि सीमेवरून लोक येतात तर सीमा सांभाळा. बाळाने काय केलं? त्याने ना सीमा ओलांडली ना व्हिसाचा फॉर्म खोटा भरला. आयर्लंडने २००४ ला लोकांचं मत घेऊन जमिनीचा नियम काढला, ब्रिटनने १९८३ पासून काढला, ऑस्ट्रेलियाने १९८६ ला. पण ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाने एक दार ठेवलं, पोर तिथे जन्मलं आणि पहिली दहा वर्षं तिथेच वाढलं तर त्याला नागरिकत्व मिळतं, आईबापाचं काहीही असो. जर्मनीसारखा रक्तावर अडून बसलेला देश, त्यांनीही २००० पासून ढील दिली, आईबापापैकी एकजण ठरावीक वर्षं कायदेशीर राहिलेला असला की तिथे जन्मलेलं पोर जर्मन. आधी आठ वर्षं होती, २०२४ ला पाच केली.

आपल्याकडे असं दारच नाही. तामिळनाडूत श्रीलंकेच्या निर्वासितांच्या छावण्या आहेत, तिथे ८७ नंतर जन्मलेली पोरं आता स्वतः आईबाप झाली, तमिळमध्ये शिकली, लंका बघितलेलीही नाही, आणि भारतीय नाहीत. आपल्याच खान्देशात पाकिस्तानातून आलेली सिंधी कुटुंबं लाँग टर्म व्हिसावर वर्षानुवर्षं राहतात. दोघंही आईबाप तिकडचे पासपोर्टवाले असतील तर इथल्या दवाखान्यात जन्मलेलं, अहिराणीत भांडणारं पोरगंही कायद्याने इथलं नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीने त्यातल्या काहींना वाट मिळाली, पण ती देश, धर्म आणि आल्याची तारीख बघून, जन्म बघून नाही. तामिळनाडूतल्यांना तर त्यातही जागा नाही.

म्हणून मला वाटतं की सगळ्यांना सरसकट देणं जमत नसेल, तरी आईबाप इथे कायदेशीर राहत असतील, कामधंदा करत असतील, तर पोर जन्मताच इथलं असावं, काही विचारू नये. आणि बाकीच्यांच्या बाबतीत निदान दहा वर्षांचं ते दार तरी ठेवावं. हे काही फार क्रांतिकारक नाही, आपण याहून जास्त करत होतो. १९४७ च्या एप्रिलमध्ये संविधान सभेत यावर चर्चा झाली तेव्हा काहींना भीती होती की कुणीही येऊन इथे पोर जन्माला घालेल आणि ते नागरिक होईल. सरदार पटेलांनी उत्तर दिलं की नागरिकत्वाच्या दोन कल्पना आहेत, एक मोठ्या मनाची आणि एक कोत्या मनाची, आणि दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या आपल्या लोकांसाठी आपण तिथलं नागरिकत्व मागतो, तर इथे कोतं होणं बरोबर नाही. पटेलांचं हे नानांना मुद्दाम वाचून दाखवलं. नाना थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणे तवयची गोष्ट येगळी व्हती. पटेलांचा फोटो त्यांच्या ओट्यावर आहे.

असो, कायदा कधी बदलेल तेव्हा बदलेल. तोपर्यंत कामाचं बोलतो. तुमच्या ओळखीत, शेतावर, वीटभट्टीवर, टोळीत कुणाचं बाळंतपण बाहेरगावी झालं असेल तर दवाखान्यातून निघतानाच डिस्चार्जचा कागद मागून घ्या, त्यावर आईचं नाव आधारवर आहे तसंच आहे का ते बघा, आणि जन्माची नोंद त्याच गावात करून मगच निघा. फडात झालं असेल तर तिथल्या पंचायतीचं नाव एखाद्या शिकलेल्याकडून चिठ्ठीवर लिहून घ्या, तारखेसकट. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळा, लायसन, मतदार यादी, पासपोर्ट सगळीकडे जन्माचा दाखलाच मुख्य धरतात. वर्ष व्हायच्या आत माझ्याकडे आलात तर मी फॉर्म भरून कुठे द्यायचा ते सांगतो, त्याचे पैसे घेत नाही. वर्ष उलटल्यावर आलात तर प्रांत ऑफिसच्या पायऱ्या तुमच्या तुम्हालाच चढायच्या आहेत.